लाइफ सायन्सेस करिअर मेळाव्यात टीमचा स्टॉल: पोस्टर, डेमो आणि समोरच्याशी बोलणं

कॉलनी_सात (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची सहा विद्यार्थ्यांची टीम आहे. पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा ई. कोलाय हा जिवाणू बनवला आहे. रचना नेहमीचीच: आर्सआर हा रिप्रेसर (जनुक बंद ठेवणारं प्रथिन) प्रमोटरवर (डीएनएवर जनुक जिथून चालू होतं त्या जागेवर) बसून असतो, पेशीत आर्सेनाइट (आर्सेनिकचं एक रूप) शिरलं की तो सुटतो आणि पुढचं ईजीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) चालू होतं, म्हणजे पेशी हिरव्या चमकतात.

लाइफ सायन्सेसच्या करिअर मेळाव्यात आम्हाला एक टेबल (180 × 75 सेंमी), मागे एक बोर्ड आणि स्टेजवर 8 मिनिटं मिळाली आहेत. मेळावा सहा तासांचा. कंपन्यांचे भरती करणारे लोक, प्राध्यापक आणि शाळेतली मुलं, सगळेच येणार.

अडलंय ते असं. पोस्टरवर काय ठेवू आणि काय काढू? जिवंत काही दाखवता येईल का? आमचा सेन्सर 25 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली नीट ओळखत नाही, हे सांगावं की झाकावं? आणि सहा जणांनी बोलायचं कसं? एकच मुलगी छान बोलते, बाकीचे पाचजण तिच्याकडे बघत राहतात.

बफर_आठ

पोस्टरपासून सुरू करतो, कारण छापून आल्यावर तो बदलता येत नाही.

डिझाइनला हात लावण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: बोर्डाची रुंदी, उभा की आडवा, आणि पिना चालतात की वेल्क्रो. ए0 म्हणजे 841 × 1189 मिमी. बोर्ड एक मीटर रुंद असेल आणि तुम्ही पोस्टर आडवा केलात, तर दोन्ही बाजूंनी जवळजवळ दहा-दहा सेंमी बाहेर लोंबेल आणि दुपारपर्यंत कोपरे वळतील.

अक्षराचा आकार स्क्रीनवर कधीच कळत नाही. पूर्ण पोस्टर ए4 कागदावर छापा. ए0ची बाजू ए4च्या बरोबर चौपट असते, म्हणून ए4 डोळ्यांपासून 40 सेंमीवर धरला की 1.6 मीटरवरून ए0 जसा दिसतो तसा दिसतो. आलेखाच्या अक्षांवरचे आकडे वाचता आले नाहीत तर ते लहान आहेत, वाद नको. मजकूर 28 पॉइंटच्या खाली नको. शीर्षक 90 च्या आसपास ठेवा. आणि शीर्षकात प्रकल्पाचं गोंडस नाव टाकण्यापेक्षा निष्कर्षच लिहा: "25 मायक्रोग्रॅमपासून पुढचं आर्सेनिक दाखवणारा जिवाणू".

छपाईत हमखास बिघडणाऱ्या गोष्टी:

फ्लुओरेसन्सचा (प्रकाश पडल्यावर येणाऱ्या चमकेचा) झगझगीत हिरवा रंग कागदावर येतच नाही. छपाईच्या चार शाईंत तो बसत नाही आणि शेवाळी होऊन बाहेर पडतो. एकाच चॅनेलचा (एकाच रंगाच्या चमकेचा) फोटो असेल तर सरळ काळा-पांढरा छापा, बारकावेही जास्त दिसतात. दोन चॅनेल असतील तर लाल-हिरव्याऐवजी किरमिजी-हिरवा घ्या. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष काही थोडे नसतात.

फोटो 30 सेंमी रुंद छापायचा असेल तर 150 डीपीआयने साधारण 1770 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला जेलचा (डीएनएच्या पट्ट्यांचा) फोटो वापरू नका. तो दाबून आलेला असतो, त्याच्या पट्ट्या धुरकट दिसतात.

आता सगळ्यात घातक प्रकार. मायक्रोचं चिन्ह µ हे काही फाँटमध्ये गळून पडतं आणि जागी एम येतो. 10 µg/L चं 10 mg/L झालं की तुम्ही हजारपट विषारी पाण्याबद्दल बोलताय. समोर पाण्याच्या तपासणीतला माणूस उभा असेल तर तो तिथेच थांबेल, पुढचं काही वाचणार नाही. पीडीएफ करताना फाँट एम्बेड करा आणि छापखान्याच्या कॉम्प्युटरवर उघडलेली फाइल स्वतः डोळ्यांखालून घाला. मराठी मजकूर असेल तर जोडाक्षरंही तिथेच तपासा.

प्लाझमिडचा (पेशीत घातलेल्या डीएनएच्या वर्तुळाचा) पूर्ण नकाशा, प्रायमरच्या (डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) क्रमांची यादी, पीसीआरचं (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीचं) तापमानचक्र हे सगळं पोस्टरवरून काढा. ए4वर छापून फाइलला लावा आणि ती टेबलाखाली ठेवा. कोणी विचारलं की काढायची.

निळा_फिल्टर

डेमोबद्दल. जिवंत जनुक-बदल केलेले जिवाणू मेळाव्यात नेऊ नका. झाकलेली प्लेटही नको, "पॅराफिल्म लावलंय" म्हणूनही नको. प्रयोगशाळेबाहेर असे जीव नेण्याला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते आणि सभागृह म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. आर्सेनिकचं द्रावणही तिथेच राहू द्या, पातळ केलेलं असलं तरी.

चमक दाखवायचीच असेल तर शुद्ध केलेलं ईजीएफपी वापरा. ते नुसतं प्रथिन आहे, त्यात जिवंत काही नाही. तरी गाइडला आणि आयोजकांना आधी लेखी कळवा. करायचं असं:

स्क्रूच्या झाकणाच्या पाच 2 मिलीच्या ट्यूब घ्या. पहिलीत प्रथिनाचं मूळ द्रावण, पुढच्या तीन ट्यूबमध्ये प्रत्येक वेळी निम्मं पातळ करत जा, पाचवीत नुसता बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर घेऊ नका. उघडं राहिलेलं डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्ल होतं, पीएच 5.6 च्या आसपास जातो, आणि पीएच 6 लाच ईजीएफपीची चमक अर्ध्यावर येते. मग तुमची चौथी ट्यूब जेवढी असायला हवी त्याहून फिकी दिसते आणि कारण कळत नाही. पीएच 7.5 ते 8 चा बफर घ्या.

प्रकाश निळा हवा. ईजीएफपी 488 नॅनोमीटरला सर्वात जास्त प्रकाश शोषतं आणि 507 ला चमकतं, त्यामुळे 470 च्या आसपासचा निळा एलईडी टॉर्च आणि डोळ्यासमोर नारिंगी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा एवढं पुरतं. यूव्ही टॉर्च टाळा. मुलं तो हमखास एकमेकांच्या डोळ्यांत मारतात.

सभागृहाच्या उजेडात मात्र काहीही दिसणार नाही. बूट येतात तसा पुठ्ठ्याचा खोका घ्या, आतून काळा कागद चिकटवा, समोर 4 सेंमीचं भोक पाडून त्यावर आतून नारिंगी फिल्टर लावा, वरून टॉर्चचं तोंड बसेल एवढं दुसरं भोक. टॉर्चला दाबून धरायचं बटण असू द्या. सतत चालू ठेवला तर प्रथिनाची चमक हळूहळू मरते आणि बॅटरीही संपते. ट्यूबचा दुसरा संच बर्फाच्या डब्यात ठेवा, दुपारी बदला.

खोक्यावर हे लिहाच: "शुद्ध केलेलं प्रथिन, टप्प्याटप्प्याने पातळ केलेलं. जिवंत पेशी नाहीत. सेन्सरचा खरा प्रतिसाद आलेखात आहे." ही पाटी नसेल तर बघणारा समजतो की पाच ट्यूब म्हणजे आर्सेनिकच्या पाच पातळ्या. तसं समजू देणं ही फसवणूकच.

तराजू_शून्य

निळा_फिल्टर यांचा खोका छान आहे, पण मला तो शाळेच्या मुलांसाठीच ठीक वाटतो. भरती करणारा माणूस भोकात डोळा लावून "वा" म्हणतो आणि पुढे जातो. त्याला तुमचे हात दिसले पाहिजेत.

(आणि कोणी फळातून डीएनए काढायचा प्रयोग सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो: नको. त्याला थंडगार इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, दोन्ही खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकतील अशी वाफ सोडतात, आणि बरीच सभागृहं ते आतच येऊ देत नाहीत. शिवाय जो पांढरा गोळा वर तरंगतो त्यात डीएनएबरोबर पेक्टिन आणि प्रथिनंही असतात, हे समजावण्यात पाच मिनिटं जातात.)

त्याऐवजी पिपेटचा खेळ ठेवा. पी200 मायक्रोपिपेट (200 मायक्रोलिटरपर्यंत द्रव मोजून टाकणारं उपकरण), टिपांचा डबा, साधं पाणी, 0.01 ग्रॅमचा खिशातला तराजू, त्यावर लहान वाटी. पाहुण्याने 200 मायक्रोलिटर पाच वेळा टाकायचं. एकूण 1000 मायक्रोलिटर म्हणजे 1 मिली, तराजूवर 1.00 यायला हवं. एक-दोन मिनिटांचं काम.

आता मजा चुकांत आहे. 1.10 आलं तर बहुधा पाणी ओढण्याआधीच बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं गेलं. 0.90 आलं तर बटण झटक्यात सोडलं, टिपेत हवा शिरली. प्रत्येक वेळी थोडं थोडं जास्त येत असेल तर टिप पाण्यात खोल बुडवली आहे आणि बाहेरून थेंब चिकटून येतोय, ती 2-3 मिमीच बुडवायची. तुमच्यातल्या एकाने आकडा बघून चूक ओळखली, की समोरच्याला तुमच्या टीमने बेंचवर खरंच काम केलंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

तराजूखाली जाड फरशीचा तुकडा ठेवा, टेबल हलतं. वरून एसीचा झोत येत असेल तर तीन बाजूंनी पुठ्ठा लावा. नाहीतर आकडा नाचत राहतो आणि लोकांना वाटतं पिपेट बिघडलाय.

कॉलनी_सात

खोका आणि पिपेट दोन्ही करू, टेबलाच्या दोन टोकांना. 25 मायक्रोग्रॅमचं मात्र अजून खुपतंय. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 आहे. आलेखात 10 ला रेघ शून्यापेक्षा थोडी वर दिसते. "10 ला फरक दिसतो" असं लिहिता येईल का?

ब्लँक_वेल

"थोडी वर" हे मोजल्याशिवाय लिहू नका. नियम साधा आहे: आर्सेनिक नसलेल्या वेलची (मोजणीच्या प्लेटमधल्या खळग्यांची), म्हणजे ब्लँकची, सरासरी घ्या, त्यात प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवा, ती तुमची सीमारेषा. समजा ब्लँकची सरासरी 120 आणि विचलन 12. सीमारेषा 156. तुमचं 10 चं वाचन 141 असेल तर ते ब्लँकच्या गोंगाटातच आहे. 25 चं 210 असेल तर ते स्पष्ट वर आहे. ब्लँक किमान आठ-दहा हवेत, तेही वेगवेगळ्या दिवसांचे.

इथेच एक जुनी चूक होते. एकाच कल्चरमधून (वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रवातून) तीन वेल भरल्या तर तो एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) = 3 नव्हे. ती एकाच नमुन्याची तीनदा घेतलेली मापं झाली, त्यातून फक्त तुमचा पिपेट किती स्थिर आहे ते कळतं. तीन वेगळ्या कॉलनी, तीन वेगळे दिवस, तेव्हा एन = 3. आलेखाखाली एन म्हणजे काय आणि ठिपक्यांवरच्या दांड्या विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या, एवढं एका ओळीत लिहा. बरेच जण हाच प्रश्न पहिला विचारतात.

अक्ष लॉगचा असेल तर त्यावर शून्य बसत नाही. ब्लँकचा ठिपका डावीकडे, अक्ष तोडून वेगळा दाखवा. तो 0.1 वर दामटून बसवू नका.

चमक ओडी600 ने (पेशी किती दाट आहेत त्याच्या मापाने) भागली असेल तर मूळ ओडीचा आलेखही फाइलीत ठेवा. आर्सेनिक वाढलं की पेशींची वाढ मंदावते, भागाकारातला छेद लहान होतो आणि गुणोत्तर उगाच फुगतं. जाणकार माणूस हे विचारतोच.

आता 25 झाकायचं का? अजिबात नाही, तोच तुमचा सर्वात बोलका आकडा आहे. बांगलादेशात पिण्याच्या पाण्याची राष्ट्रीय मर्यादा 50 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आपली मर्यादा 1993 मध्येच 50 वरून 10 वर आणली. 25 ला ओळखणारा सेन्सर 50 च्या वरचं पाणी चाळून बाजूला काढायला उपयोगी पडू शकतो. 10 ची खात्री मात्र तो देऊ शकत नाही. पोस्टरवर हे असंच लिहा. मग "खाली का जात नाही?" हा प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर तयार हवं: प्रमोटर गळतो, म्हणजे आर्सेनिक नसतानाही थोडं ईजीएफपी बनत राहतं, ब्लँकच वर चढतो आणि लहान सिग्नल त्यात बुडतो. पुढचा उपाय म्हणजे रिपोर्टरच्या (ईजीएफपीच्या जनुकाच्या) आधी आर्सआरला बसायला आणखी एक जागा देणं, जेणेकरून ही गळती अडेल.

आणखी तीन प्रश्नांची तयारी ठेवा. अँटिमनीने सेन्सर चालू होतो का? होतो, आर्सआर अँटिमोनाइटलाही सुटतो. आर्सेनेट (आर्सेनिकचं दुसरं रूप) असेल तर? पेशीत त्याचं आधी आर्सेनाइट व्हावं लागतं, आणि पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर आर्सेनेट आत शिरण्यातच अडथळा येतो. पाण्यात लोहाचे कण असतील तर? त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पेशीपर्यंत पोचत नाही, वाचन खोटं कमी येतं. "हे आम्ही तपासलं नाही" हे उत्तर चालतं. "असं होणार नाही" हे चालत नाही.

विचलन_अहवाल

बोलण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि करिअर मेळाव्यात खरं तेच महत्त्वाचं. तिथे प्रकल्पाला नोकरी मिळत नाही, माणसाला मिळते. म्हणून एक चांगली वक्ती आणि पाच मुके साथीदार ही मांडणी त्या पाच जणांचं नुकसान करते.

सहा जणांत पोस्टरचा एकेक भाग वाटून टाका. प्रत्येकाचा एक आलेख किंवा एक आकृती, जी त्याने स्वतः केली. त्या भागाबद्दल प्रश्न आला की बोलणारी मुलगी म्हणते, "हे याने केलंय, तोच सांगेल," आणि खरंच गप्प बसते. गप्प बसण्याचाही सराव करा. एका वेळी तिघंच स्टॉलवर, 45 मिनिटांची पाळी. सहाजण ओळीने उभे राहिले की भिंत होते, माणूस लांबूनच वळतो.

सुरुवात वीस सेकंदांत व्हावी. उदाहरणार्थ: "पाण्यात आर्सेनिक असलं तरी त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आम्ही असा जिवाणू केलाय जो ते असलं की हिरवा चमकतो. 25 मायक्रोग्रॅमपासून दाखवतो, 10 ला अजून पोचलेला नाही. तुम्ही कोणत्या क्षेत्रात काम करता?" शेवटचा प्रश्न विसरू नका. पुढची दोन मिनिटं काय बोलायचं ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

गुणवत्ता विभागातला माणूस असेल तर त्याला चमक नको, नोंदवही हवी. नोंद कोणी केली, त्याच वेळी केली का, खाडाखोड कशी केली, प्रयोग ठरलेल्या पद्धतीपासून सरकला तेव्हा काय लिहिलं. नोंदवहीच्या दोन खऱ्या पानांची प्रत फाइलीत ठेवा, त्यात एक फसलेल्या दिवसाचं पान हवंच. किण्वनाच्या कारखान्यातला असेल तर तो विचारेल 2 मिलीच्या ट्यूबमधून 2 लिटरवर गेलात तर ऑक्सिजनचं काय. डेटावाला असेल तर तुमच्या कॉम्प्युटर सायन्सवाल्याला पुढे करा, कोड चालवून दाखवू द्या. तिथलं वायफाय पडणार असं धरून चाला, सगळं लॅपटॉपवरच ठेवा.

"आम्ही पीसीआर केलं" हे वाक्य मेळाव्यात वाया जातं. "प्रायमर मी डिझाइन केले, 24 कॉलनी तपासल्या, 5 मध्ये इन्सर्ट (आपण घातलेला डीएनएचा तुकडा) होता, 2 सिक्वेन्सिंगला पाठवल्या" असं बोला. तुमचे खरे आकडे काय असतील ते. टीमचं श्रेय "आम्ही", स्वतःच्या हातचं काम "मी". दोन्हीची सरमिसळ झाली की मुलाखतीत कोणीतरी खोलात शिरतं आणि मग पंचाईत होते.

कार्ड मिळालं की माणूस वळताक्षणी त्याच्या मागे दोन शब्द लिहा: काय विचारलं, काय पाठवायचं कबूल केलं. संध्याकाळपर्यंत पंधरा कार्डं एकसारखी दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी पाच-सहा ओळींची मेल, त्यात त्याच्याच प्रश्नाचा उल्लेख, एका पानाचा सीव्ही पीडीएफमध्ये. सहाजणांनी एकच मजकूर पाठवू नका. ते लोक एकाच ऑफिसात बसतात.

स्टेजच्या आठ मिनिटांसाठी सात स्लाइड पुरे. व्हिडिओ टाकू नका, तो आयोजकांच्या लॅपटॉपवर चालत नाही.

बफर_आठ

एक राहिलं. छापायला देण्याआधी गाइडला विचारा की यातलं काही पेटंटसाठी राखून ठेवलंय का. पोस्टर लोकांसमोर लावला की तो जाहीर झाला. युरोपात तेवढ्याने नावीन्य संपतं. अमेरिकेत अर्ज करायला एका वर्षाची मुदत मिळते. नंतर पोस्टर काढून घेऊन काही होत नाही, लोकांनी फोनवर फोटो काढलेले असतात. दुसऱ्या लॅबकडून प्लाझमिड आणला असेल तर त्यांचा उल्लेख आणि देण्याघेण्याच्या करारातल्या अटीही बघून घ्या.

कॉलनी_सात

खूप आभार सगळ्यांचे. ए4वर छापून बघितला, अक्षांवरचे आकडे खरंच वाचता आले नाहीत, पुन्हा करतोय. शेवटचं विचारतो: टेबल बोर्डाच्या पुढे ठेवायचं की बाजूला?

तराजू_शून्य

बाजूला, बोर्डाशी काटकोनात, म्हणजे माणूस थेट पोस्टरपर्यंत येऊ शकेल. पुढे ठेवलंत तर 75 सेंमीचं टेबल आणि त्याच्या मागे तुम्ही, पोस्टर दोन मीटर लांब जातो आणि खालचा तिसरा भाग दिसतच नाही. पिपेट बाहेरच्या टोकाला, खोका आतल्या टोकाला बोर्डाच्या सावलीत. खुर्च्या दोनच ठेवा, त्याही मागे. पाळी संपलेल्यांसाठी.